चार सेकंदांचं पोतं

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचा क्लास. सहा कॉम्प्युटर, त्यातला एक आजारी.
वैजनाथ यळ्ळूरकरनं पेन ड्राइव्ह लावला
आणि न बसता माझ्या मागे उभा राहिला.

चार सेकंद. शहाण्णव चित्रं.
एक म्हातारा हमाल वाकतो, पोतं धरतो,
पाठीवर घेतो, निघतो.
मिशी सुरेख. मुंडाशाची घडीन् घडी काढलेली.
पोत्यावर शिलाईसुद्धा, कोपऱ्याला सुतळीचा कान.

मी म्हणालो, "छान आहे, पण वजन नाही."

"किती धरू, सर? पन्नास किलो?"
मागच्या बाकावरचे हसले. मीही हसलो,
ते हसायला नको होतं.
मग नेहमीचं सगळं सांगितलं:
आधी गुडघा, मग कंबर, डोकं सर्वांत शेवटी,
ह्याची मान तर पोत्याच्या आधीच वर पोचलीय,
ह्याचे पाय जमिनीवर उभे नाहीत, नुसते ठेवलेत.
लाल पेननं त्याच्या हमालावर
इतक्या रेघा ओढल्या
की मिशी दिसेना.
वैजू "होय सर, होय सर" म्हणत राहिला,
सतरा वेळा. मोजायची सवय मला ह्या धंद्यानं लावली.

आठ दिवस आला नाही.
गेट पडायचं, उघडायचं, हुबळीकडची गाडी जायची.
त्याच्या खुर्चीवर कुणीतरी हेल्मेट ठेवायचं.

नवव्या दिवशी आला, केसांत तांदळाचा भुसा.
रविवार पेठेत जाऊन बसत होता म्हणे, पहाटेपासून,
बसलिंगप्पा नावाच्या हमालाजवळ.
मोबाइलवर त्याला चार सेकंद दाखवले.
त्यानं दोनदा बघितलं. म्हणाला,
"चीला खाली ऐति."
पोतं रिकामं आहे.
माझी वीस मिनिटं, तीन शब्दांत.

"मग म्हणाला, तूच उचल."
"उचललंस?"
"कुठलं वो. पोतं तिथंच, मीच खाली.
आणि तो सारखा म्हणतोय, निधान, निधान.
मला वाटलं, आत काय सोनंबिनं हाय की काय."

निधान म्हणजे त्यांच्यात सावकाश.
आपल्यात ठेवा.
अठ्ठावीस वर्षं ह्या गावात मी दोन्हींत बोलतोय,
भाजी घेतोय, भांडतोय,
हे दोन शब्द कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

नवा तुकडा सहा सेकंदांचा.
हमाल आधी पोत्याकडे नुसता बघतो.
तळहात विजारीला पुसतो.
डावा पाय जरा बाहेर, अंगठा फाकतो,
आणि वर येण्याआधी
तो आणखी थोडा खाली जातो,
जणू पोत्याला काही विचारायचंय.
मिशी ह्या वेळी दोनच रेघांची.
चालताना मात्र गडबड आहे, तिसऱ्या पावलाला टाच सरकते.
मी तोंड उघडलं, "छान आहे, प—"

"सर, एक सांगू काय?"
आता तो खुर्चीवर बसलेला, हेल्मेट मांडीवर.
"तुमचं ते 'छान' दोन फ्रेमचं असतंय.
दिसायच्या आत 'पण' येऊन धडकतंय.
जरा धरा की त्याला. आठ-दहा तरी."

मागच्या बाकावरून आवाज नाही.
कान तापले माझे, खोटं कशाला सांगू.
तोंडाशी आलं होतं: तू मला शिकवतोस?
आलं, आणि गिळायला फार वेळ लागला.
खाली गेट पडलं. घंटा. मालगाडी होती,
खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली.
मी तुकडा पुन्हा लावला.
तो तळहात पुसतो ते पुन्हा पाहिलं.

"छान आहे," म्हणालो,
आणि थांबलो.

डबे जात राहिले. कोळशाचे असावेत, मोजले नाहीत.
वैजू पडद्याकडे बघत होता, मग माझ्याकडे,
मग पुन्हा पडद्याकडे, जरा वाकून.
शेवटी त्यानंच विचारलं,
"टाच सरकालीय न्हवं, सर?"