बिन-अंड्याचा गुरुवार

वास्कोत, मांगोरच्या चढावर, टायरवाल्याच्या मागे
इनास बार्रेटोचं इटालियन.
पाटी नाही. पूर्वी तिथं गॅरेज होतं,
अजूनही शटर वर ढकलूनच हॉटेल उघडतं
आणि दमट हवेत त्या शटरला
लसणाच्या आधी ग्रीसचा वास सुटतो.

सहा टेबलं. रेग्झिनच्या लाल चौकटी.
इनास दर अर्ध्या तासानं पुसतो; फडकं काळं होतं.
बंदरावरचा कोळसा.
"सायबा, हें मिरें न्हय," म्हणतो,
आणि हसत नाही.

बावीस वर्षं तो तारवटी,
जेनोव्याच्या एका मालवाहू बोटीवर.
आधी बटाटे सोलले, मग कांदे,
मग एके दिवशी मुख्य खानसामा नेपल्सला उतरला
तो परत चढलाच नाही.
ही गोष्ट त्यानं मला निदान नऊ वेळा सांगितली आहे.
दर वेळी बंदर बदलतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते हौसेनं नव्हे,
गॅस संपला म्हणून.
उमावतीनं कार्ड उलटंपालटं केलं, मग थेट विचारलं:
ह्या शेवयांत अंडं असतं? आज गुरुवार.
असतं, म्हणाला इनास.
आत गेला. पिएदादशी काहीबाही बोलला.
आम्ही पाऊण तास पाणी पीत बसलो.
मग ताट आलं:
नुसता रवा आणि पाणी, बाय.
तिकडे दक्षिणेत गरीब माणसं अशीच करतात.
कढईसुद्धा वेगळी घेतली.

सात वर्षं ती कढई वेगळीच राहिली,
खिळ्याला टांगलेली, कानाला लाल दोरा.
उमावती पोई मोडून सगळा रस्सा निपटायची
आणि म्हणायची, टोमॅटो आंबट आहे,
चिमूटभर गूळ हवा होता.
निघताना इनास विचारायचाच: गूळ?
ती म्हणायची: गूळ.
त्यानं कधी घातला नाही.
तिनं कधी यायचं सोडलं नाही.

ऑगस्टपासून ती पुण्यात. लेकीचं बाळंतपण.
दीड महिना म्हणून गेली, चौथा चालू आहे.

आज गुरुवार, मी एकटा.
कोळंबी सांगायची असं ठरवून चढ चढलो,
दम खात बसलो,
आणि तोंड उघडायच्या आत
इनासनं ताट ठेवलं समोर.
रवा आणि पाणी. लाल दोऱ्याच्या कढईतलं.

सांगता आलं असतं.
मी काट्याला गुंडाळत राहिलो. मला अजून जमत नाही,
दोन शेवया हनुवटीशी लोंबतातच
आणि ती न बघता रुमाल पुढे करते.
मनगटानं पुसलं.
पोई मोडली, ताटाचा तळ निपटला,
तर तळाशी गोड.
अगदी थोडं.
पुन्हा बोट लावून चाखलं.

इनास पाठमोरा होता,
नुकतंच पुसलेलं टेबल
पुन्हा पुसत.

उतारावर फोन वाजला. जेवलात? काय?
पेज, म्हणालो. आणि लोणचं.
बरं केलंत.
तिकडे बाळ रडायला लागलं, ती थांब हं म्हणाली,
मला की त्याला, कळलं नाही.
मी टायरवाल्याच्या दिव्याखाली थांबलो.

गुळाचं काही बोललो नाही.
इतक्या लांबून सांगितलं असतं तर म्हणाली असती,
चिमूटभरच ना?