पाचवा ढीग

तासगावात, शीतगृहाच्या मागं पत्र्याच्या खोलीत
आमची प्रयोगशाळा: एक तराजू, एक ओव्हन,
आणि ओलावा मोजायचं यंत्र,
लाइट गेली की सगळं विसरून शून्यावर येणारं.
प्रकल्पाचं नाव दोन ओळींचं.
बेदाणावाल्यांना विचाराल तर
मशीन घ्यायची का नको, एवढंच.

मशीनला आधी शिकवावं लागतं.
त्यासाठी तीन हजार दाणे मोजून आणले
आणि तीन दिवसांच्या हजेरीवर
शालन ऐवळेला बोलावलं.
एकोणीस वर्षं ताटापुढं मान खाली.
नखांतला चिकटा साबणाला दाद देत नाही,
मुंग्या माझी वाट ओळखतात, म्हणाली.

मी तक्ता दाखवला: हिरवा, पिवळा, तांबूस, काळा.
चार रंग, हवेच्या चार नळ्या,
फुंकर मारून दाणा ज्याच्या त्याच्या खणात पाडणाऱ्या.
"बरं," म्हणाली,
आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच ढीग केले.

पाचवा ओंजळभर.
मी भिंगाखाली धरला: हिरवाच.
ओलावा चौदा पूर्णांक सहा. साखर नेमातली.
देठ नाही, डाग नाही, सुरकुत्याही इतरांसारख्याच.
"ह्यात वेगळं काय?"
"ह्यो ढगात वाळलाय."
"म्हणजे?"
"रॅकवर असताना दोन रात्री आभाळ दाटलं असंल.
वरनं दिसायचं न्हाई. दाबला की जरा उशिरा उठतोय, बघा की."
मी दाबून बघितलं.
मला सगळेच सारखे उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली.
खिडकी नाही, दार ओढलेलं, धूळ येऊ नये म्हणून.
मी मोबाइल शोधेपर्यंत
अंधारात तिचा हात चालूच.
उजेड आला तेव्हा चार ढीग होते तेवढेच होते,
पाचवा वाढला होता.

सावळजच्या शेडवाल्याला फोन लावला.
"होय, मार्चात दोन रात्री. तुम्हाला कुणी सांगितलं?"
त्याला वाटलं, बिलातनं कापणार.

मग मी ती ओंजळ चाळीस अंशांवर ठेवली, सहा आठवडे.
दोनशे बारा दाणे. एकशे एक्क्याऐंशी काळवंडले.
एकतीस हिरवे राहिले. तिला सांगितलं तर
हिशेब चुकल्यासारखी गप्प बसली.
"त्या दिशी पोरीच्या फीचा इचार चालला हुता.
त्याच घोळात गेलं आसतील."

कॅमेऱ्याला रंग कळतो. दाबणं कळत नाही.
पाचव्या नळीचा खर्च सांगितला तसे
बैठकीत सगळे चहाकडं वळले.
सर म्हणाले, "इतर" असं लिहा आणि पुढं चला.
मी लिहिलं. अचूकता शहाण्णव टक्के.
आभारात "स्थानिक महिला मजूर" होतं,
ते खोडून नाव घातलं, आडनावासकट.
छापून आलं तेव्हा पुन्हा मजूरच होतं.

मशीन बसली. साठ बायकांचं काम
आता दुपारपर्यंत आटपतं.
पण श्रावणात दोन गाड्या परत आल्या,
पेट्या फोडल्या तर हिरव्यात काळे.
मग मालकानं चौघींना ठेवून घेतलं,
हिरव्या खणाच्या तोंडाशी, फक्त दाबून बघायला.
चौघींत शालन आहे.
तिची जाऊ मालन नाही.

परवा नमुने आणायला गेले होते.
मशीनच्या आवाजात ती वर न बघता म्हणाली,
"मालनीचा हात माझ्यापरास बरा हाय.
तुमी तवा तिला बोलावलं आसतं तर..."
पुढचं ऐकू आलं नाही, कॉम्प्रेसर चालू झाला.
सहाला सुटली. पूर्वी दोघी एका डब्यात जेवायच्या,
एका रस्त्यानं घरी जायच्या.
आता ती कालव्याच्या कडेनं जाते,
लांब पडतं तरी.