दहा पावलं मागे

फारिसाई रोज चार तास
एका खवलेमांजराच्या मागून चालते.
पुढे ते, मागच्या दोन पायांवर,
पुढचे पंजे छातीशी घेऊन,
उसने पैसे मागायला निघाल्यासारखं.

वारूळ फुटतं. जीभ आत जाते,
जातच राहते.
दात नाहीत. घाई नाही.

सिंह दिसला की त्याचं वेटोळं होतं,
सिंह कंटाळतो.
माणूस कंटाळत नाही,
पोतं आणतो.

मामानं असंच एक उचललेलं,
गावप्रमुखाला नजराणा म्हणून.
पोत्याचं तोंड धरायला ती होती,
नऊ वर्षांची.
हे ती कुणाला सांगत नाही.

आज झांबेझीकाठच्या गवतात ते थबकलं,
वळलं,
तिच्या बुटाला नाक लावलं.
फारिसाई श्वास रोखून उभी.

बुटावर मुंग्या चढल्या होत्या.