नऊ हजार सहाशे पाच

ईसाक्की आला तेव्हा दुपारचे दोन वाजलेले,
आणि बाहेर रात्र.
हातमोजे हीटरवर पसरून म्हणाला,
“एकच आकडा हवाय. सत्याऐंशीची वीस एप्रिल.
नेल्लीमजवळ सरोवरावर बर्फ किती जाड होता?”
मी म्हटलं, बसा. कॉफी घ्या.
त्याने खिशातून चीजचा तुकडा काढला,
कपात सोडला,
आणि तो मऊ व्हायची वाट बघत राहिला.

फाइल अशी सहजी बोलत नाही.
नुसती उघडली तर गिचमिड,
पोतंभर गारगोट्या कुणी टेबलावर ओताव्यात तशी.
तिला काळ्या खिडकीत, एका ओळीत,
आधी नावगाव विचारावं लागतं:
एनसीडम्प, डॅश, एच.
मग ती सांगत सुटते, लांबून आलेल्या पाहुणीसारखी,
मुद्द्यावर न येता.
कुठलं खातं, कुठले अक्षांश, किती मिती,
आणि इतिहासाच्या सदरात कुणाचं तरी वाक्य:
‘वह्यांवरून उतरवले, दोनदा पडताळले.’
वह्या कुठे गेल्या, ते लिहिलेलं नाही.

जाडी. हो, आहे.
लहान पूर्णांकांत साठवलेली.
एकक सेंटिमीटर, गुणक शून्य पूर्णांक एक.
म्हणजे आत पडलंय ते अजून कच्चंच.
६३८ वाचलं तरी ते ६३८ नसतं.
दहाने भागावं, तेव्हा कुठे त्याचा बर्फ होतो.

तारखाही तारखा नाहीत.
या फाइलला एप्रिल ठाऊक नाही.
एकसष्टच्या एक जानेवारीपासून
नुसते दिवस मोजत आलीय.
मी बोटांवर लीप वर्षं धरली,
चौसष्ट, अडुसष्ट, बहात्तर, शहात्तर,
ऐंशी, चौऱ्याऐंशी.
नऊ हजार सहाशे पाच.
“इतके?” ईसाक्की म्हणाला,
जणू मी त्याच्या वयात चूक काढली होती.

दुसरी आज्ञा. एकच चल, बाकी काही नको.
वारा नको, हिमाची खोली नको,
पाखडून काढावं तसं फोल उडू दे.
पडद्यावर उरल्या चार ओळी:

९५९५    ६३८
९६०५    _
९६१५    _
९६२५    ५२२

ही रेघ काय, त्याने विचारलं.
मी सांगितलं, आत खरं तर
उणे बत्तीस हजार सातशे सदुसष्ट आहे.
बर्फाला कधीच गाठता येणार नाही अशी संख्या,
मुद्दाम निवडलेली,
कुणी चुकूनही तिला खरी मानू नये म्हणून.
त्या दिवशी मोजलं नाही, इतकाच अर्थ.

हेलसिंकीहून टुउलिक्की दर आठवड्याला लिहिते,
खाचे भरून टाका, मॉडेल अडतंय.
दोन आकड्यांमधून सरळ रेघ ओढायची,
सोपं आहे. मी ओढूनही पाहिली.
“अंदाज सांगू? एकोणसाठ पूर्णांक नऊ.”

“साठ सेंटिमीटरवर ट्रक चालतो,” तो म्हणाला.

मग बराच वेळ फक्त हीटर.

“आन्ते मोजायचा. माझा भाऊ. दर दहाव्या दिवशी.
गिरमिट, पट्टी, वही.
त्या सकाळीही मोजायलाच निघाला होता,
खाडीच्या तोंडाशी, जिथे खालून पाणी वाहतं.
तिथला बर्फ वरून सारखाच दिसतो.”

माझं बोट अजून पाचशे बावीसवर होतं.
“तो माझा,” ईसाक्की म्हणाला.
“पट्टी नवी घ्यावी लागली.”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी म्हटलं,
इथे काही सापडणार नाही ते.

त्याने चमच्याने चीज उचललं, खाल्लं,
कप पालथा करून बशीवर ठेवला.
“कुणी भरलं तर नाही ना,
ते बघायला आलो होतो.”

हातमोजे अजून ओलेच होते.
तसेच घातले त्याने.