परतल्यावर मोजणे

पहिल्यांदा उठतो. तेच तर.
लाल दिवा, मग हिरवा, मग पडद्यावर इंद्रधनुषी चौकोन
आणि अक्षरांची भराभर उतरंड.
वर्ग टाळ्या वाजवतो.
सौर बॅटरी वाचवायला आम्ही बंद करतो,
दुपारी पुन्हा चालू करतो, तर
काळा पडदा, तळाशी एकच तक्रार:
मूळ सापडत नाही.

हा-लेशोबोरोची शाळा. जुलै. मालुतीच्या रांगेवर बर्फ.
पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, देणगीतून आलेला,
अंगावर डबा नाही म्हणून बुटांच्या खोक्यात ठेवलाय.
कार्ड मात्र मी आणलं, मासेरूच्या बसथांब्यावरून,
करंगळीच्या नखाएवढं. वर छापलंय चौसष्ट.
शाळेसाठी ना? विकणारा म्हणाला,
मग द्या दहा मालोटी कमी.

काय काय केलं ते सांगतो,
माझे तीन रविवार गेलेत त्यात.
केबल बदलली. कोपऱ्यात विजेची खूण यायची,
ती गेली, दुखणं राहिलं.
नेटवर्क येतं त्या खडकावर बसून
सिस्टीम पुन्हा उतरवून घेतली, चार तास.
कार्ड पुसलं, लिहिलं, पुसलं.
लॅपटॉप दर वेळी म्हणाला, पडताळणी पूर्ण, सर्व ठीक.
सोनेरी पट्ट्या शर्टाला घासल्या, फुंकर मारली,
एकदा तर (मुख्याध्यापिकेला सांगू नका)
सेसोथोतून हलकेच दटावलं त्याला.

केनेउए, मागच्या बाकावरची, म्हणाली,
न्ताते, तुम्ही मोजलंत किती?
म्हटलं, जेवढं लिहिलं तेवढं.
म्हणजे पाचच. ते तर चौसष्ट म्हणतंय.
तिचा भाऊ त्शेलिसो वरच्या कुरणात परक्याच्या मेंढ्या राखतो.
सकाळी सोडताना कोण मोजतं, ती म्हणाली,
सकाळी सगळ्याच असतात.
मालक संध्याकाळी येऊन उभा राहतो
दगडी कुंपणाच्या फटीशी.

मग आम्ही कार्डात आकडे सोडले.
फाईलीमागून फाईल, चौसष्ट भरेपर्यंत,
रात्रभर. लॅपटॉप माझ्या कांबळ्याखाली,
थंडीत त्याचीही बॅटरी दम सोडते.
कार्ड हो म्हणत गेलं.
एकदाही पुरे म्हणालं नाही.
पहाटे सगळ्यांना परत बोलावलं.
सात आले.
आठव्यातले काही, लंगडत.
त्यामागे शून्य, शून्य, पुढे मी बघायचं सोडलं.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा सरळ होता,
तोंड रुंद, वर झकास रंग.
फक्त बुडाच्या जागी कुणीतरी,
मासेरूत किंवा मासेरूच्याही पुष्कळ पलीकडे,
एक आकडा चिकटवला होता.
आणि भोळं यंत्र पहिल्याच दिवशी
छापील शब्दावर विसंबून घर वाढवायला निघालं,
चार भांडी अंगणात मांडून आलं.
अंगण नव्हतंच.

मी ते खिडकीबाहेर फेकणार होतो.
केनेउएने तळहात पुढे केला.
सात तर खरे आहेत ना?

सात खरे होते.
सुरुवातीच्या ओळीतला 'पसर' असं सांगणारा शब्द खोडला,
सातावर भिंत घातली,
पलीकडचं रान सोडून दिलं.
उठला. बंद केला. उठला.
तिसऱ्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
सगळे हिरव्या दिव्याकडे बघत
ओठातल्या ओठात मोजत होते.

आता कार्डावर चौसष्ट दिसत नाही.
खिळ्याच्या टोकाने खरवडून तिने सात लिहिलाय, जरा वाकडा.
मासेरूला गेलो की त्या माणसाला शोधेन म्हणतो,
दहा मालोटींची सूट परत द्यायला.
अजून गेलो नाही.