सात चकत्या

माल्मेदीच्या गॅरेजमधला हीटर नुसता आवाज करतो.
ओदिल शॉक व्हाइसमध्ये आवळते,
आधी गॅस सोडते, फुस्स,
मग तेल: काळं, जळकट.
सील फाटलेलं. दांड्याचं क्रोम
देवीच्या वणांनी भरलेलं.

दोन सीटची गाडी, पोट जमिनीला टेकलेलं.
कंपनीचे शॉक काढून वडिलांनी
हे पिवळे बसवले होते, शर्यतीचे, दगडासारखे.
लाम्बेर बोलायचेही तसेच.

पिस्टनवरच्या चकत्या ती फडक्यावर मांडते
कांद्याच्या पापुद्र्यासारख्या,
निघाल्या त्याच क्रमाने.
डाव्या शॉकमध्ये आठ.
उजव्यात सात.

पुन्हा मोजते. ट्रे झटकते, तेल गाळून बघते.
सातच.
नटावर लाम्बेरच्याच पंचाची खूण.
एवढा काटेकोर माणूस, आणि ही चूक?

उजवीकडे आई बसायची.
मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यात
एकदा म्हणाली होती,
"स्ताव्हलोपर्यंतचा रस्ता नवा केलाय वाटतं."
लाम्बेर काही बोलले नाहीत.
गिअर बदलला.

भार पेलते ती स्प्रिंग.
शॉकचं काम एवढंच, की खड्डा मागे पडल्यावर
गाडीनं त्याच्याबद्दल बोलत राहू नये.

लिएजचा नवा मालक फोनवर घाईत आहे.
शनिवारी मिळेल ना? दोन्ही बाजू सारख्या ना?
"एक सांगा," ओदिल विचारते,
"तुमच्या शेजारी कोण बसणार आहे?"

आठवी चकती, नवी,
तिच्या बोटाच्या टोकाला
तेलानं चिकटून.