मंगळवारची तिकिटं

सास्काटूनमध्ये मंगळवारी तिकीट अर्ध्या किमतीत मिळतं,
म्हणून माझा आठवडा मंगळवारी सुरू होतो.
बाहेर उणे एकतीस. शाळेची बस डेपोत लावते,
गोठ्यात गाय बांधावी तशी
तिच्या इंजिनाला विजेची वायर जोडते
आणि चालत निघते, दोन सिनेमे बघायला.
आधी भुताचा, मग गाण्यांचा.
हा क्रम उलटा करायचा नाही. एकदा केला होता,
तर रात्रभर न्हाणीघराचा दिवा चालू ठेवावा लागला.

नणंद म्हणते, ओरिसिया, एकसष्ट पूर्ण झाली तुला,
ही काय थेरं? मंगळवारी चर्चच्या तळघरात
आम्ही पिरोगी भरतो, तिकडे ये.
येईन गं. बुधवारी भरा.

तिला कसं सांगू, अलीकडे भुतं किती सुधारलीत!
पूर्वी दार करकरायचं, मांजर अंगावर यायचं,
दचकायचं, पॉपकॉर्न सांडायचे, संपलं.
आता भूत घाई करत नाही.
आजच्या सिनेमात ते अख्खा पाऊण तास
वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभं होतं.
नुसतं उभं. कडेला. जरासं धूसर.
आणि थेटरात ते मला एकटीला दिसलं होतं.
बावीस वर्षं आरशात अठ्ठेचाळीस पोरं बघत गाडी हाकलीय,
मागे कोण हललं ते मला आधी कळतं.
पुढच्या खुर्चीतल्या पोराच्या खांद्यावर टकटक केली,
म्हटलं, चादरी बघ.
त्यानं बघितलं.
असा किंचाळला, असा किंचाळला,
की मला वाटलं ते भूत मीच शिवून दिलंय.

मध्ये वीस मिनिटं. मशीनची कॉफी, तोंड भाजणारी.
दारावर ब्रेनन ओकेमासिस तिकिटं फाडतो.
दुसरीत होता तेव्हा माझ्या बसमध्ये हातमोजे विसरायचा.
"मिसेस होलोवाटी, आज किती गेले?"
"सहा. आणि एक कुत्रा."
"कुत्रापण?"
दोघं जरा वेळ गप्प राहतो. माणसांसाठी नाही राहिलो.

गाण्यांचा सिनेमा इस्पितळाच्या धोबीखान्यातला.
मोठाली यंत्रं घरघरतायत, वाफ,
एक जाडजूड बाई इस्त्री करता करता
मुकादमाला काहीतरी सांगत असते, रजेबद्दल,
आणि वाक्य मध्येच सोडते.
हात थांबतो. श्वास छातीत वर चढतो.
मी खुर्चीचा दांडा धरते. आता. आता हिला
नुसतं बोलणं पुरणार नाही.
अगं, हाच श्वास!
तासाभरापूर्वी चादरींसमोर त्या दुसरीनं घेतला होता तोच,
खांदे तसेच, गळ्याची शीर तशीच.
ती किंचाळली, ही गायली,
पण त्या शिरेपर्यंत दोघी एकाच वाटेनं आल्या होत्या.
मला रडू आलं, तेही गाणं सुरू व्हायच्या आधी.
गाणं तसं बरंच होतं, शेवटचं कडवं लांबलं.
पण यंत्रांची झाकणं तालात उघडमीट व्हायला लागली तेव्हा
मी बूट आपटले. बर्फाचं पाणी
शेजारच्या गृहस्थाच्या पायघोळ कोटावर उडालं.
तोही आपटत होता.

रात्री नणंदेला फोनवर हे सगळं सांगितलं,
श्वासाचं, शिरेचं, झाकणांचं.
ती म्हणाली, शेगडी बंद केलीस ना?

बुधवारी सकाळी अंधारात ब्रॉडवेच्या पुलावर
बस खडबडली आणि मागची पोरं
एकदम किंचाळली, किंचाळता किंचाळता
कुठलंसं गाणं म्हणायला लागली.
नेमकं कुठे सुटलं ते, मी आरशात शोधत राहिले.
शोधता शोधता हिरवा दिवा हुकला.

पुढच्या मंगळवारची तिकिटं काढलीत.
माझी दोन, नणंदेची दोन.
तिला सांगितलंय, गाण्यांचा आहे, मस्त आहे,
धोबीखाना आहे, चादरी आहेत.
चादरी दोन्हींत आहेत,
खोटं काही बोललेले नाही.